सहा नंबरवरचा लाल दिवा

माझ्या नवऱ्याच्या गळ्यातली गाठ काढायची ठरली, तेव्हा मला ऑपरेशनची जेवढी काळजी होती तेवढीच, खोटं कशाला सांगू, आपण दवाखान्यात शहाण्यासारखं वागू की नाही याचीही होती. एकतीस वर्षं मी नर्स म्हणून नोकरी केली. नातेवाईक नावाच्या माणसांचा मला एवढा वीट आला होता की आता आपलीही गणती त्यांच्यातच होणार, या विचारानंच मी धास्तावले होते.

गाठ साधी होती, थायरॉइडची. तपासणीत वाईट काही निघालं नव्हतं. पण घास गिळताना अडायला लागलं, तेव्हा सर्जन म्हणाले, आता काढून टाकू, मोठं ऑपरेशन नाही, दोन-तीन दिवसांत घरी जाल. हेच वाक्य मी स्वतः शेकडो लोकांना ऐकवलेलं असल्यामुळे मला त्याचा काडीचाही आधार वाटला नाही. गळ्याच्या ऑपरेशननंतरचा पहिला दिवस कसा असतो ते मला ठाऊक होतं. टाक्यांच्या आत रक्त साठायला लागलं तर ते बाहेर दिसत नाही. ते आतल्या आत श्वासनळी दाबत जातं, आणि माणसाला ओरडताही येत नाही. घरात मी हे कोणाजवळ बोलले नाही. सकाळी ते पेपर वाचत बसले की पोळ्या लाटता लाटता माझी नजर त्यांच्या गळ्यावरच जायची.

ते फुलंब्रीच्या शाळेत मास्तर होते, रोज एसटीनं जाऊन-येऊन नोकरी केलेले. स्वभाव असा की हॉटेलात चहात साखर कमी पडली तर तसाच पितील, पण पोऱ्याला दुसऱ्यांदा बोलावणार नाहीत. मी मात्र पहिल्यापासून तोंडाळ. आमचं जमलं कसं, हा प्रश्न दोन्हीकडच्या नातलगांना अजून पडतो.

मी नोकरी केली ती एका ट्रस्टच्या दवाखान्यात. सुरुवातीची कितीतरी वर्षं तिथं बेल नव्हतीच. वॉर्डातून कोणीतरी ‘सिस्टर!’ म्हणून ओरडायचं आणि आम्ही जायचो, किंवा ‘आले, आले’ म्हणून मान खाली घालून लिहीत राहायचो. पुढं नवी इमारत झाली आणि प्रत्येक खाटेशी वायरला लोंबणारं एक बटण आलं. ते दाबलं की दारावर लाल दिवा लागायचा आणि काउंटरवर टिंग टिंग वाजत राहायचं. बेल वाजली की हातातलं टाकून जायचं, असं आम्हाला शिकवलेलं होतं. प्रत्यक्षात आम्ही आधी मान वर करून नंबर बघायचो. कुठल्या नंबरला पळत जायचं, कुठल्या नंबरला हातातलं इंजेक्शन भरून झाल्यावर जायचं आणि कुठला नंबर खुशाल वाजू द्यायचा, हे महिनाभरात आमच्या अंगवळणी पडलं. आणि ड्युटी बदलायच्या वेळी, म्हणजे दुपारी दोनला, जुन्या सिस्टर नव्यांना एकेका पेशंटची माहिती द्यायला लागल्या की कुठलाच नंबर आमचा नसायचा. जाणाऱ्यांना वाटायचं आपली ड्युटी संपली, येणाऱ्यांना वाटायचं आपली अजून सुरू झाली नाही.

वैजापूरकडची एक म्हातारी होती, मांडीचं हाड मोडलेली. ती दिवसभर बेल दाबायची. गेलं की विचारायची, “बाई, वाजले किती?” दुसऱ्या दिवशी मी तिचं बटण उचललं आणि सलाइनच्या स्टँडला उंच गुंडाळून ठेवलं. तिचा हात तिथंवर पोचत नव्हता. दोन दिवस ते तसंच होतं. तिला काही झालं नाही, चांगली वॉकर घेऊन घरी गेली. पण मी ते केलं होतं, आणि त्या वेळी मला त्याची लाजही वाटली नव्हती. उलट काउंटरवर सगळ्याजणी हसल्या तेव्हा मीही हसले होते.

तर अशी मी, जालना रोडच्या आतल्या बाजूच्या एका खाजगी दवाखान्यात, सहा नंबरच्या रूममध्ये नवऱ्याच्या पिशवीतलं सामान लावायला लागले. पहिल्या दहा मिनिटांतच मी तिथल्या सिस्टरला सांगून टाकलं की मी पण सिस्टरच आहे, रिटायर झाले. कन्नड तालुक्यातली पोर होती, काडीसारखी बारीक, बुटांचा करकर आवाज करत चालणारी. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला.

“मग काय मॅडम, तुम्ही आहात म्हणल्यावर आम्हाला टेन्शनच नाय.”

मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. त्या मजल्यावर दोघीजणी आणि चौदा रूम, हे मी येतानाच मोजलं होतं. त्यांची एक रूम तरी आपण हलकी करावी असं मनापासून वाटलं. ब्लडप्रेशर घ्यायला त्या वेळेवर यायच्या, पण मध्ये मध्ये नुसतं दारातून डोकावणं बंद झालं. मीही त्यांना बोलावत नव्हते. सलाइन संपत आली की मीच बंद करायचे. चादर मीच बदलली.

शेजारच्या पाच नंबरमध्ये एक बाई आपल्या बहिणीला घेऊन आल्या होत्या, माझ्याच वयाच्या, काळा बुरखा खुर्चीच्या पाठीवर टाकून कायम व्हरांड्यात उभ्या. त्यांचा लाल दिवा दिवसातून वीस वेळा लागायचा. पाणी गार आहे, पंखा आवाज करतो, बहिणीला उलटीसारखं होतंय. आणि गंमत म्हणजे तिकडं कोणी ना कोणी जायचंच, तोंड वाकडं करून का होईना. त्यांनी मला ऑपरेशनच्या दिवशी सकाळीच सांगितलं होतं, “बाजी, तुम घंटी कायकू नई दबाते? दबाना. ऐसे बैठे तो कोई नई आता.” मी हसून मान हलवली. मनात म्हटलं, बाई, तुम्हाला हे लोक काय म्हणतात ते मला विचारा.

अकराच्या सुमाराला माझ्या नवऱ्याला ऑपरेशन थिएटरमधून रूमवर आणलं. गळ्याभोवती जाड पट्टी, पट्टीखालून निघालेली एक बारीक नळी आणि तिच्या टोकाला आत साठणारं रक्त जमा करायची छोटी बाटली. बोलू नका असं त्यांना सांगितलेलं होतं. मी त्यांच्या खाटेशी खुर्ची ओढली आणि बसले. नाडी बघितली, नखं बघितली, ओठ बघितले. बाटलीत जेमतेम चमचाभर रक्त होतं आणि पुढचे दोन तास ते तेवढंच राहिलं. मला हायसं वाटलं. कोरडी बाटली म्हणजे आत काही साठत नाही, असं मी धरून चालले. नळीच गुठळीनं बंद झाली असेल तरी बाटली कोरडीच राहते, हे मी स्वतः नव्या पोरींना शिकवत आले होते. त्या दिवशी ते मला आठवलं नाही.

सव्वाच्या सुमाराला सिस्टर चिठ्ठी घेऊन आली. दोन इंजेक्शनं खालच्या मेडिकलमधून आणायची होती. आपल्याकडं ही रीतच आहे, पेशंट खाटेवर आणि नातेवाईक मेडिकलच्या रांगेत. मी उठले. बटण त्यांच्या उजव्या हातात दिलं, बोटं त्याच्याभोवती नीट मिटवली आणि म्हटलं, “अहो, मी दहा मिनिटांत येते. तसंच काही लागलं तर दाबा. पण उगीच दाबू नका बरं का. दोघीच पोरी आहेत, त्यांच्या जेवणाची वेळ आहे.”

त्यांनी मान हलवली, जराशीच, कारण पट्टी होती.

मेडिकलसमोर पंधरा-वीस माणसं होती. प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी, आणि आत एकटा माणूस. माझा नंबर आला तेव्हा दोनपैकी एक इंजेक्शन शिल्लक नव्हतं, ते मागच्या गोदामातून आणायला कोणीतरी गेलं. मी काउंटरला हात टेकून उभी राहिले.  कशानं कोण जाणे, पण एकदम चिठ्ठी टाकून वर पळावं असं वाटलं. मग स्वतःलाच दटावलं, की गडबडणाऱ्या बायकांसारखं करू नकोस, तू सिस्टर आहेस. तशीच उभी राहिले. इंजेक्शन आलं. लिफ्टशी स्ट्रेचर अडकलं होतं, म्हणून जिन्यानं चढले. व्हरांड्यात आले तेव्हा दोनला पाच कमी होते. सहा नंबरवरचा दिवा बंद होता. तो बंद दिसल्यावर मी जिना चढून लागलेला दम खायला दोन क्षण भिंतीला टेकून उभीसुद्धा राहिले.

आत ते उठून बसले होते. दोन्ही हात गादीवर रोवलेले, हनुवटी पुढं काढलेली, डोळे माझ्यावर. पट्टीच्या वरची कातडी ताणून चकाकत होती आणि गळा जबड्याच्या रुंदीचा झाला होता. श्वास घेताना शिट्टीसारखा बारीक आवाज येत होता. बटण त्यांच्या उजव्या हाताखाली होतं.

“दाबली नाहीत का बेल?” मी ओरडलेच.

त्यांनी मान हलवली. नाही.

मी बटण हिसकून घेतलं आणि दाबलं. दारावरचा दिवा लागला. लांब काउंटरवर टिंग टिंग सुरू झालेलं मला ऐकू येत होतं. मी त्यांच्या पाठीशी उशा लावल्या, ऑक्सिजनचा मास्क काढून तोंडाला लावला, पट्टीची कड सैल केली. टिंग टिंग चालूच. कोणी येत नव्हतं. आणि का येत नाही ते मला, त्या मजल्यावरच्या कुठल्याही नातेवाइकापेक्षा जास्त, माहीत होतं. दोन वाजले होते. काउंटरभोवती चौघीजणी रजिस्टर उघडून उभ्या असणार. एक सांगत असणार, चार नंबरला ताप आहे, पाच नंबर कटकट्या आहेत, सहा नंबरला काही बघायला नको, मॅडम स्वतः सिस्टर आहेत. सगळ्या दिव्यांत सहाचा दिवा दिसला असेल तरी त्यांना वाटलं असेल की मॅडमना सलाइनची बाटली हवी असेल. इतक्या शहाण्या पेशंटची बेल पाच मिनिटं थांबू शकते. मीही थांबवली असती.

मी त्यांना सोडून दारात आले आणि वॉर्डातल्या बायका ओरडायच्या तशी, पदर पडला त्याचंही भान न ठेवता, ओरडले, “सिस्टर! अहो सिस्टर! माणूस गुदमरतोय माझा!”

पाच नंबरच्या बाई माझ्याआधी धावल्या. बुटांचा करकर आवाज आला. ती बारीक पोर दारात आली, तिनं गळा बघितला आणि तिचा चेहरा पांढरा पडला. तिच्यामागं ड्युटीवरचा तरुण डॉक्टर आला. त्यानं पट्टी कापली आणि सर्जनना फोन लावला. फोन वाजत होता. यांच्या ओठांना निळी झाक यायला लागली होती.

“टाके उघडा,” मी म्हणाले.

“मॅडम, सरांना विचारून...”

“विचारायला वेळ नाही. इथंच उघडा. आत रक्त साठलंय. मी एकतीस वर्षं हे बघितलंय, उघडा टाके!”

तेवढ्यात फोन लागला आणि सर्जन पलीकडून तेच म्हणाले असावेत, कारण डॉक्टरनं फोन खांद्याला धरून हात पुढं केला आणि त्या पोरीनं टाके काढायची कात्री लगेच त्याच्या हातात ठेवली. मी यांचं डोकं धरलं. एक, दोन, तीन टाके सुटले, आणि काळ्या जेलीसारख्या गुठळ्या बाहेर आल्या. मग एक श्वास आला, पुरा, आवाज न करता. मी तो ऐकला. कोणीतरी मला खुर्चीत बसवलं. डॉक्टर आणि सिस्टर यांना घेऊन पुन्हा थिएटरकडं पळाले.

थिएटरबाहेरच्या बाकावर मी तासभर बसले. माझा धाकटा दीर, जो घरून डबा घेऊन येत होता, तो डबा हातात घेऊनच तिथं आला. पाच नंबरच्या बाईंनी त्याला सगळं सांगून टाकलेलं होतं. तो तापला.

“वहिनी, लिहून द्या. बेल वाजत व्हती आन् ह्या गप्पा हाणत बसल्या? सोडायचं नाय ह्यांना. मी जातो साहेबाकडं.”

“गप्पा नव्हत्या हाणत. ड्युटी बदलत होती.”

“मंग? माणूस मेला असता ना!”

“हो,” मी म्हटलं. “मेले असते.”

“मंग लिहा ना!”

 त्यानं माझ्याकडं बघितलं आणि डबा बाकावर आपटून ठेवला. “तुमी बी त्यांच्यातल्याच शेवटी,” म्हणाला.

त्याला मी काय सांगणार होते? बेल न दाबायला मीच सांगून गेले होते, हे माझ्या तोंडून निघेना. ती बारीक पोर ड्युटी संपूनही घरी गेली नव्हती. घरचे कपडे घालून व्हरांड्याच्या टोकाला उभी होती. दीर पाणी प्यायला गेल्यावर जवळ आली. “मॅडम, दिवा बघितला होता मी,” ती म्हणाली. “मला वाटलं, तुम्ही आहात.” एवढं बोलून रडायला लागली. तिला जवळ घ्यावं असंही वाटलं आणि एक थोबाडीत द्यावी असंही वाटलं. मी यातलं काहीच केलं नाही. “घरी जा,” म्हटलं, “उद्या ड्युटी असेल.”

ते वाचले. दोन दिवस अतिदक्षता विभागात होते, तिसऱ्या दिवशी परत रूमवर आले. आवाज घोगरा झाला होता, पण होता. त्या दोन दिवसांत मी मनातल्या मनात सगळा हिशेब मांडून ठेवला होता. मी मेडिकलमध्ये गेले सव्वाला, परत आले दोनला. म्हणजे ते पाऊण तास एकटे होते, आणि त्या पाऊण तासात माझ्या एका वाक्यामुळं त्यांनी बेल दाबली नव्हती. एवढा गुन्हा मी कबूल करून टाकला होता. देवाजवळ, आणि दुसऱ्या दिवशी दिराजवळही. संध्याकाळी त्यानं माझ्यासाठी मोसंबीचा रस आणला. एवढं कबूल केलं की माणूस झोपू शकतं, असं मला त्या दोन दिवसांत कळलं.

चौथ्या दिवशी सकाळी सर्जन फेरीला आले. टाके बघितले, हसले, आणि कागदावर लिहायचं म्हणून त्यांनी विचारलं, “मास्तर, त्या दिवशी गळा आवळल्यासारखं नेमकं कधी सुरू झालं?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. दीड वाजता, मी खाली गेल्यावर. पण ते आधी बोलले, हळूहळू, एकेक शब्द घेत.

“साडेबाराला.”

“साडेबाराला मी इथंच होते,” मी म्हणाले. “खुर्चीत. तुमच्याजवळ.”

“व्हय,” ते म्हणाले.

“मग मला का नाही सांगितलंत? नुसता हात लावायचा होता. हातभर अंतरावर होते मी!”

सर्जननी कागदावरून मान वर केली. हे माझ्याकडं बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर रागाचा लवलेश नव्हता, तेच मला सहन होईना.

“तुझा डोळा लागला होता,” ते म्हणाले. “दोन दिस झोपली नव्हतीस. चिठ्ठी आली तेव्हा उठलीस, अन् लगेच खाली गेलीस.”

सर्जन लिहून निघून गेले. मी खाटेच्या कडेला बसून राहिले. मी झोपले होते हे मला तोवर माहीतच नव्हतं.